डिस्चार्ज मिळाला, आता बाळंतिणीकडे कोण बघणार?

डिस्चार्जच्या दिवशी घरात नुसती धावपळ असते. कुणी बिलाच्या रांगेत उभं, कुणी औषधं आणायला गेलेलं, आजी दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला छातीशी धरून बसलेली. घराच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, बाळ-बाळंतीण आत येतात आणि सगळ्यांच्या तोंडून एकच उद्गार निघतो, ‘सुटलो एकदाचे!’ बाळंतिणीचे अवघड दिवस मात्र बहुतेक वेळा इथून सुरू होतात.

बाळंतपणानंतर दवाखान्यात जास्त दिवस राहावं की लवकर घरी यावं, हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. बायकांना विचारलं तर दोन्हीकडच्या तक्रारी ऐकू येतात. दवाखान्यात जिवाला घोर नव्हता, पण डोळ्याला डोळा लागला नाही. घरी सगळ्यांची माया होती, पण टाका दुखतोय तो बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. दोन्ही खऱ्या आहेत. माझ्या मते बाळंतिणीचं समाधान ठरतं ते दवाखान्याने तिला घराच्या हाती कशी सोपवली आणि घराने तिला कशी हाती घेतली यावर. ही सोपवणी नीट व्हावी, यासाठीच हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. इथे चर्चा बाळंतपणानंतरच्या काळजीची आहे. प्रसूती दवाखान्यातच व्हावी. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होतो आणि त्यावर घरात उपाय नसतो.

तिसऱ्या ते सहाव्या दिवसांचा पेच

साधी प्रसूती झाली असेल तर बाईने निदान २४ तास दवाखान्यात राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ४८ तास ठेवण्याचा प्रघात आहे. सिझेरियन असेल तर मुक्काम आणखी काही दिवसांनी लांबतो. म्हणजे साधी प्रसूती झालेली बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येते. आता तिच्या शरीरात त्याच सुमाराला काय चाललेलं असतं ते पाहा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान दूध भरून येतं. छाती दगडासारखी घट्ट होते, बाळाला स्तनाग्र तोंडात धरता येत नाही, चुकीच्या पकडीमुळे चिरा पडतात. याच दिवसांत बहुतेक बायकांना कारण नसताना रडू कोसळतं. बाळाची साधी कावीळ वाढते तीही याच दिवसांत. आणि ज्याकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं, तो आईचा रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर चढतो. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल तर हे दिवस विशेष जपण्याचे.

थोडक्यात, डॉक्टर-नर्स रात्रंदिवस हाकेवर असतात तेव्हा अडचणी कमी असतात आणि सगळ्या अडचणी एकदम येतात तेव्हा बाई घरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात पहिल्या २४ तासांनंतर निदान तीन वेळा तपासणी सांगितली आहे: ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत टाके दाखवायला जाणं आणि बाळाची लस, एवढ्या दोनच भेटी होतात. पहिली भेट तर हमखास चुकते.

अभ्यास काय दाखवतात

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथे झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटाला लवकर घरी सोडून मिडवाइफ म्हणजे प्रशिक्षित सुईण घरी भेटीला पाठवली. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे दवाखान्यात ठेवलं. घरी गेलेल्या बायकांना अंगावर पाजताना कमी अडचणी आल्या आणि मिळालेल्या मदतीबद्दल त्या अधिक समाधानी होत्या. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या बाळांना पुन्हा दवाखान्यात दाखल करावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं.

यातून दोन धडे घ्यायचे. घरी गेलेल्या बाईचं समाधान वाढलं, कारण जाणती बाई तिच्या घरी येऊन शेजारी बसत होती. नुसतं लवकर घरी पाठवणं म्हणजे घरची काळजी नव्हे. दुसरं, आई खूश आहे म्हणून बाळ ठीकच असणार असं धरून चालायचं नाही. बाळाकडे वेगळं लक्ष हवं.

दुसरा अभ्यास आपल्या मातीतला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. याच भागात ७७२ बाळंतिणींच्या घरी जाऊन केलेल्या नोंदींत प्रसूतीच्या वेळी दर शंभरात सुमारे १८ जणींना, तर बाळंतपणानंतरच्या दिवसांत सुमारे ४३ जणींना काही ना काही आजार झालेला आढळला. कळा संपल्या की संकट संपलं, या समजुतीला हे आकडे पुरेसं उत्तर देतात.

गडचिरोलीच्या या कामातूनच देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध पाजणं बघते. या भेटी तुमच्या हक्काच्या आहेत. प्रसूती खासगी दवाखान्यात झाली असली तरी आशाताईला जरूर कळवा.

तयारी सातव्या महिन्यात करा

डोहाळेजेवणाची यादी करता त्याच आठवड्यात एक कागद घ्या आणि पुढच्या तीन गोष्टी लिहून काढा.

*एक माणूस.* डिस्चार्जनंतरचे पहिले चौदा दिवस बाळंतिणीची जबाबदारी कुणाची? आई, सासू, नवरा, बहीण, कुणीही असो, पण नाव एकच ठरवा. ‘आम्ही सगळे आहोत ना’ असं म्हटलं की सगळे बाळाभोवती जमतात आणि तिने दुपारी जेवण केलं का, हे कुणालाच ठाऊक नसतं. हा माणूस बाळाला घेऊन बसणारा नको. तो आईकडे बघणारा हवा.

*एक फोन नंबर.* रात्री दोन वाजता शंका आली तर कुणाला विचारायचं? दवाखान्याचा चोवीस तास चालू असणारा नंबर आधीच विचारून ठेवा, एकदा लावूनही बघा. तातडीची रुग्णवाहिका १०८, गरोदर माता-बाळंतिणी आणि बाळांसाठीची १०२. हे दोन्ही नंबर भिंतीवर चिकटवा.

*एक भेट.* तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई आणि बाळ दोघांना कोण तपासणार? दवाखान्यात परत यायचं, आशाताई किंवा नर्सताई घरी येणार की जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं, ते आताच ठरवा. या भेटीत आईचा रक्तदाब मोजलाच पाहिजे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. बाईला मोकळेपणाने झोपता, रडता, हवं ते मागता येतं, म्हणून ही रीत चांगलीच आहे. पण गरोदरपणाच्या तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात आणि बाळंतपण माहेरी. सासरची आशाताई समजते, ही माहेरी गेली. माहेरच्या आशाताईला ही आल्याचा पत्ताच नसतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या आणि माहेरी पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईकडे नाव नोंदवा.

नवऱ्याने रजा घेताना प्रसूतीच्या दिवसापासून मोजू नये. दवाखान्यात माणसं पुष्कळ असतात. डिस्चार्जच्या दिवसापासूनचा पहिला आठवडा हा खऱ्या गरजेचा. पत्नी माहेरी असेल तर तो आठवडा तिथे जाऊन राहावं. जावयाचा पाहुणचार बाजूला ठेवून रात्री बाळाचे लंगोट बदलावेत, सासूबाईंना झोपू द्यावं.

दवाखान्यातून पाय बाहेर ठेवण्याआधी

घरी जायची घाई कितीही असली तरी या गोष्टी पुऱ्या झाल्याशिवाय निघू नका.

- नर्सताईंसमोर एकदा पूर्ण दूध पाजून दाखवा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात हवा. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं तर पकड चुकली आहे, तिथेच दुरुस्त करून घ्या.
- निघतानाचा आईचा रक्तदाब आणि बाळाचं वजन कार्डावर लिहून घ्या. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. आधीचा आकडाच नसेल तर पुढची तुलना होत नाही.
- बाळाला कोणत्या लसी दिल्या, पुढची कधी, ते विचारा.
- प्रत्येक गोळी कशासाठी आणि किती दिवस, ते समजून घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायची असते. बहुतेक घरांत ती पहिल्या पाकिटाबरोबर संपते.
- सिझेरियन असेल तर जखम कधी भिजवायची, किती वजन उचलायचं, जिना चढायचा का, हे विचारा.
- पाळी सुरू होण्याआधीही दिवस राहू शकतात. पुढचं अंतर राखण्यासाठी कोणता उपाय चालेल, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून, प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि घरी पोचवणारी गाडी मोफत आहे. साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवणही मोफत आहे. घरचं काम खोळंबलंय म्हणून बाईला वेळेआधी हलवू नका.

दवाखान्याबद्दल बायका नाराज होतात त्याची कारणं अनेकदा साधी असतात. काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, कुणी अंगावर खेकसलं, न विचारता बाळाला बाटली दिली. सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातल्या सन्मानाच्या वागणुकीचा आणि सोबतीला आपलं माणूस असण्याचा समावेश आहे. तुमच्या दवाखान्यात सोबतीला कुणाला थांबता येईल, हे आधीच विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

घरात काय ठेवायचं, काय सोडायचं

आपल्या आज्यांनी बाळंतिणीसाठी केलेली व्यवस्था मोठ्या समजुतीची आहे. सव्वा महिना तिने चुलीपाशी जायचं नाही, रोज अंग रगडून कढत पाण्याची अंघोळ, अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, जेवणानंतर बाळंतशेपा. यात विश्रांती आहे, पोषण आहे आणि एका अनुभवी हाताचा स्पर्श आहे. मालिशवाली बाई रोज तासभर फक्त तिच्याच अंगाला हात लावते, तिची विचारपूस करते. परदेशी राहणाऱ्या मराठी मुलींच्या आया बॅगेत डिंकाचे लाडू घेऊन विमानाने जातात, त्या याच मायेपोटी. नेदरलँड्समध्ये तर प्रशिक्षित बाई पहिल्या आठवड्यात रोज घरी येऊन बाळंतिणीला आणि बाळाला सांभाळते आणि तो खर्च बराचसा विम्यातून भागतो. आपली रीत तेच करत आली आहे. तिच्यातलं हिताचं तेवढं ठेवायचं आणि घातक ते सोडायचं.

सोडायच्या गोष्टी या: बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी आणि धुरी, कारण कोळशाचा विषारी वायू खोलीत साठतो आणि धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, तीही सिझेरियनच्या जखमेवर किंवा बधिर भागावर नको. पाणी तोडायची रीत सोडा. पाजणाऱ्या आईला तहान लागेल तितकं पाणी हवं. भाजी, फळं, डाळ बंद करू नका. सिझेरियननंतर डॉक्टर सांगेपर्यंत पोट रगडायचं नाही आणि टाक्यांवर तेल लावायचं नाही.

बाळाच्या बाबतीत: पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून फेकू नका, ती त्याची पहिली लस आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, गुळाचं पाणी, साधं पाणी, काही नको. एक वर्षाच्या आत मध तर धोकादायकच. नाळेला तेल, हळद, राख लावू नका, ती कोरडी ठेवा. कानानाकात तेल घालू नका. बाळाच्या छातीच्या गाठी पिळू नका. डोळ्यांत काजळ नको.

हे सासूबाईंना किंवा आईला सांगायचं कसं? ‘तुमचं सगळं चुकीचं’ असं म्हटलं की दार बंद होतं. त्यांना तिसऱ्या दिवसाच्या तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. ‘लाडू तुमच्याच हातचे हवेत, शेगडी तेवढी नको’ असं सांगा. ज्यांनी चार बाळंतपणं केली आहेत, त्यांचा हात तुम्हाला हवाच आहे.

पाहुण्यांचं बारशाआधीच ठरवा. पाचवी-सटवाईची पूजा घरच्यांपुरती ठेवली तर बिघडत नाही. बाळाला पाहायला येणाऱ्यांसाठी रोजची एक वेळ ठरवा आणि दारात उभं राहून नम्रपणे ‘आता ती झोपली आहे’ असं सांगायचं काम त्या ठरलेल्या माणसाचं. सर्दी-खोकला असलेल्यांनी नंतर यावं. आणि मुलगी झाली म्हणून कुणी सुस्कारा टाकला तर त्याला बाळंतिणीसमोर उभंही करू नका. ते वाक्य ती आयुष्यभर विसरत नाही.

मनाची विचारपूस

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्या काळात तिला झोप, जेवण आणि ‘रड गं, मी आहे’ म्हणणारं माणूस लागतं. मात्र दोन आठवड्यांनंतरही उदासी जात नसेल, बाळ झोपलं असतानाही झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, सतत अपराधी वाटत असेल, तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. तो बरा होतो, स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधंही असतात. ‘एवढं गोंडस बाळ असून रडतेस?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार येत असेल, भलतेच आवाज ऐकू येत असतील, तर तिला क्षणभर एकटं न सोडता लगेच दवाखान्यात न्या.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

*आईमध्ये:* तासाभरात पॅड पूर्ण भिजणं किंवा लिंबाहून मोठ्या रक्ताच्या गाठी, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, घाण वास येणारा स्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, फिट, धाप, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, टाक्यातून पू, स्तनावर लाल-गरम दुखरा भाग.

*बाळामध्ये:* दूध ओढेनासं होणं, सुस्ती, अंग तापणं किंवा गार पडणं, मिनिटाला ६० हून अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, झटके, नाळेभोवती लाली किंवा पू, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा तळहात-तळपाय पिवळे पडणं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने दिवसरात्रीत निदान सहा वेळा लघवी करावी. कमी असेल तर दूध पुरत नाही, असं समजून दाखवा.

हा भाग कापून फ्रिजवर लावा. रात्रीच्या वेळी ‘सकाळी बघू’ म्हणण्याचा मोह होतो, तेव्हा फ्रिजवरचा हा कागद निर्णय सोपा करतो.

तिला रोज विचारायचे पाच प्रश्न

दवाखान्यात असो वा घरी, बाळंतीण समाधानी आहे का, हे तिच्याकडूनच कळतं. म्हणून ठरलेल्या माणसाने रोज संध्याकाळी बाळाला दुसऱ्याच्या हाती देऊन तिच्याजवळ बसावं आणि विचारावं:

१. सलग किती वेळ झोपलीस?
२. आज पोटभर, वेळेवर जेवलीस का?
३. कुठे दुखतंय?
४. दूध पाजताना काय अडतंय?
५. आज कुणाच्या बोलण्याने वाईट वाटलं का?

उत्तर ऐकल्यावर लगेच काहीतरी करा. झोप झाली नसेल तर पुढच्या पाजण्यानंतर बाळाला तीन तास तुम्ही सांभाळा. दुखत असेल तर त्या नंबरवर फोन करा. बोलणं लागलं असेल तर त्या माणसाशी तुम्ही बोला, तिला बोलावं लागू नये.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटची भेट देऊन जाईल, डॉक्टरही तपासतील. त्या दिवशी बाळाच्या वजनाचा आकडा सगळे विचारतील. तुम्ही आधी आईला विचारा, ‘तू कशी आहेस?’ गेले चाळीस दिवस हा प्रश्न रोज विचारलेला असेल तर तिचं उत्तर खरं असेल.